परटिणीच्या घरापासून

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं, तर "गप बस आणि ऐक" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा तुम्हीही गप बसा आणि ऐका.

शिवणी नदीच्या काठी मोहदरे नावाचं गाव होतं. आजही आहे. तेव्हा तिथे साठेक उंबरे होते. गावात ठकूबाई नावाची परटीण राहायची. ती आणि तिचा नवरा म्हादू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. दर तिसऱ्या दिवशी ठकू घरोघर जाऊन कपडे गोळा करायची, गाढवावर लादायची आणि नदीवर न्यायची. तिथे तिचा धुण्याचा दगड होता, काळा, बैलाच्या पाठीएवढा रुंद. दगड गावाच्या वरच्या अंगाला होता, कारण वर पाणी नितळ. गावाचा पाणवठा त्याच्या खाली, हाकेच्या अंतरावर. तिच्या सासूच्या सासूनं तो दगड तिथे मांडला होता आणि तो हलवावा असं कधी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता साठ घरांचे कपडे एका गाठोड्यात गेले, की कुणाचं धोतर कुणाचं हे ओळखायचं कसं? त्याला उपाय बिब्ब्याचा. बिब्बा सुईनं टोचला की काळा रस येतो. त्या रसानं कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायची. कपडा फाटेल, खूण जाणार नाही. पाटलाच्या घराचे तीन ठिपके, सुताराची फुली, तेल्याची आडवी रेघ, अशा साठ घरांच्या साठ खुणा ठकूला तोंडपाठ होत्या. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण अंधारात बोट फिरवून ती सांगायची, हे कुंभाराचं मुंडासं आणि हा गुरवाचा पंचा.

दोनच ठिकाणी तिची खूण नव्हती. एक म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. तिथल्या लोकांचे कपडे परटानं धुवायचे नाहीत अशी रीत होती. ही रीत कुणी केली ते शोधायला फार लांब जायला नको, आपलेच खापरपणजे होते ते. आणि दुसरं ठिकाण म्हणजे तिचं स्वतःचं घर. परटाला आपलेच कपडे ओळखायला खूण कशाला हवी?

असं म्हणतात, की ठकूच्या नाकाला गावातलं सगळं कळायचं. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला खोकल्यातून रक्त पडतंय, कुणाचं पोर अंथरुणात ओलं करतंय, सगळं कपडे सांगायचे. माणूस वैद्याशी खोटं बोलेल, देवाशीही बोलेल, पण मळका कपडा खोटं बोलत नाही. आणि ठकूची गंमत अशी, की एवढं सगळं पोटात असूनही तिनं ते कधी ओठांवर आणलं नाही. चहाड्या करायच्या असत्या तर तिनं गाव पेटवलं असतं. पण ती कपडे घडी घालून द्यायची आणि तोंड मिटून घरी यायची.

त्या काळी मोहदऱ्यात आजाराचं नाव घेत नसत. घरात हगवण-ओकारी लागली तर "पाहुणी आलीय" म्हणायचे, तेही भिंतीला कान लागणार नाहीत अशा बेतानं. कारण पाहुणी आल्याचं कळलं, की गाव त्या घराच्या दारावर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकायचं. एकवीस दिवस आत कुणी जायचं नाही, आतल्यानं बाहेर यायचं नाही. विस्तव मिळायचा नाही, पाणी मिळायचं नाही. आणि आणखी एक समजूत होती. आजारी माणसं मोजायची नाहीत. मोजली की वाढतात. त्यामुळे प्रत्येक घर आपलं दुखणं आपल्याच गोधडीखाली दडपायचं आणि शेजारच्या घरात काय चाललंय हे शेजाऱ्याला ठाऊक नसायचं.

त्या वर्षी चैत्राच्या शेवटी म्हादू परीट लांबच्या एका बाजाराला गेला आणि पोट धरूनच परत आला. दिवस मावळायच्या आत गेला. "बाजारात शिळंपाकं खाल्लं," असं ठकूनं सांगितलं आणि गावानं ते ऐकलं. ठकूनं डोळे पुसले, त्याचं अंथरूण-पांघरूण गाढवावर घातलं आणि आपल्या दगडावर नेऊन धुतलं. नवऱ्याचं धुणं करताना ती किती रडली असेल, ते एकट्या नदीलाच माहीत.

चौथ्या दिवशी सुताराच्या घरच्या कपड्यांत तिला तोच वास आला. भाताच्या पेजेसारखे पांढुरके डाग होते. सातव्या दिवशी तेल्याच्या घरचे. मग कुंभाराचे. मग गुरवाचे, तेही दोन लुगडी आणि एक झबलं. 

गावालाही कुणकुण लागली होती. मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. लाकडाचा छोटा गाडा, त्यात हळदकुंकू, लिंबं, हिरवा चोळीचा खण. तो वाजतगाजत शिवेवर नेऊन आसवडी गावच्या हद्दीत सोडायचा, म्हणजे रोगराई आसवडीकरांकडे जाते आणि आपण सुटतो. केवढा हा शेजारधर्म! आसवडीकर काही दुधखुळे नव्हते. त्यांनी गाडा दुसऱ्या दिवशी परत आणून मोहदऱ्याच्या शिवेवर ठेवला. मोहदरेकरांनी पुन्हा नेला. त्यांनी पुन्हा आणला. असं तीनदा झालं. असं म्हणतात, की चौथ्या खेपेला गाड्याचं चाकच निखळलं आणि देवी म्हणाली, बाबांनो, आता मला इथेच राहू द्या, माझी हाडं खिळखिळी झाली. देवी असं बोलली की नाही हे मला माहीत नाही, पण मी तिच्या जागी असते तर बोलले असते.

तेव्हा एका सकाळी सुताराची बायको कृष्णी कपडे द्यायला मागच्या दारी आली. डोळे सुजलेले. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं.

"ठकूबाई, एक विचारू? आमच्याच घरावर का गं कोप झालाय? आमचं काय चुकलं?"

ठकूनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली, "तुझ्याच घरात न्हाई, बाई. आणिक सात घरांत हाय."

कृष्णी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. पण ते रडणं वेगळं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं, की साऱ्या जगात पापी तेवढी ती एकटी. ठकू तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ही जर एवढ्या शब्दानं एवढी हलकी होते, तर मी गप्प बसून कुणाचं भलं करतेय?

त्या दिवशी घरी जाऊन तिनं एक बेवारशी धोतर काढलं. ते कधीपासून कुणी न्यायला आलं नव्हतं. तिनं ते जमिनीवर पसरलं. धोतराचा काठ म्हणजे शिवणी नदी असं मनाशी धरलं आणि जे घर गावात जिथे आहे तिथे त्याची खूण मांडायला सुरुवात केली. घरात एक आजारी तर एक खूण. दोन तर दोन. माणूस गेला तर खुणेभोवती गोल. दर खेपेला कपडे आले की ती धोतर पसरायची आणि बिब्बा टोचायची. बिब्बा अंगाला लागला की फोड येतात, हे तुम्हाला माहीत असेल. असं म्हणतात, की धोतरावर जितक्या खुणा झाल्या तितकेच फोड तिच्या हातांवर उठले, आणि जी खूण गोल झाली तिचा फोड फुटला.

पंधरा दिवसांत धोतरावर एकतीस खुणा झाल्या. अकरा गोल होते.

मग एक नवीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. पाटलाच्या वाड्यावरून दोन खेपा कपडेच आले नव्हते. "सवडीनं देऊ," असं आतून सांगायचे आणि दार लावून घ्यायचे. ठकूनं विचार केला. घाण कपडे आले तर घरात आजार, हे खरं. पण कपडे यायचेच थांबले तर? तिनं तीन ठिपक्यांची खूणही धोतरावर काढली. तिचा अंदाज बरोबर होता. हैबती पाटलाची सून, पोटुशी पोर, आत तीन दिवस अंथरुणाला खिळलेली होती, आणि गावभर दुसऱ्यांच्या दारावर बोरीच्या फांद्या टाकणारा पाटील आपल्या दारावर फांदी पडू नये म्हणून तिला लपवत होता.

पाटलाला ठकूच्या धोतराची बातमी कुणी दिली ते कळत नाही. पण एका सकाळी चावडीवर दवंडी पिटली. ठकूला धोतरासकट बोलावलं. सगळा गाव जमला. पुरुषांच्या हातांत काठ्या होत्या. पाटलाचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"तू आजारी माणसं मोजतीस?" त्यानं विचारलं. "मोजली की वाढतात, हे तुला ठाऊक न्हाई?"

"पाटील, म्या मोजायच्या आदीच धा झाली हुती," ठकू म्हणाली.

पाटलानं धोतर हिसकावलं आणि चावडीच्या ओट्यावर पसरलं. आपल्या घराचे तीन ठिपके त्याला दिसले, पण ते न पाहिल्यासारखं करून त्याची नजर पुढे सरकली आणि एका कोपऱ्यावर थांबली. सबंध धोतर काळ्या खुणांनी भरलेलं, आणि तो एक कोपरा पांढराफटक. तो कोपरा गावकुसाबाहेरच्या वस्तीचा होता.

"बघा!" पाटील ओरडला. "ह्यांच्यात एक आजारी न्हाई! साऱ्या गावात मढी पडत्यात आन् ह्यांना काय होत न्हाई! ह्यांनीच करणी केलीय. आता आणिक पुरावा काय पायजे?"

लोकांना पुरावा नकोच होता, राग काढायला कुणीतरी हवं होतं. काठ्या वर झाल्या. वस्ती पेटवून द्यायची, माणसं हाकलून लावायची, असा गलका उठला.

ठकूनं चांगलं करायला म्हणून जे धोतर मांडलं, तेच चाळीस माणसांच्या मुळावर उठलं होतं. ती धावत जाऊन धोतरावर आडवी पडली.

"पाटील, त्या कोपऱ्यात खूण न्हाई, कारन त्यांची कापडं माझ्याकडं येतच न्हाईत!" ती ओरडली. "रिकामं म्हंजी आजार न्हाई असं न्हवं. रिकामं म्हंजी मला ठावं न्हाई! मला जाऊन इचारू द्या. दीस डोक्यावर यीपर्यंत थांबा. मग काय करायचं ते करा."

पाटील थांबला. का थांबला ते सांगता येत नाही. काही म्हणतात ठकूच्या अंगात देवी आली असं त्याला वाटलं. मला वाटतं, त्याच्या मनात कुठेतरी ते तीन ठिपके टोचत होते.

ठकू वेशीबाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या वस्तीत पाऊल टाकत होती. बायका आपापल्या दारांत उभ्या राहून बघत होत्या. गयाई नावाची एक म्हातारी पुढे आली.

"काय गं परटिणी, आज वाट चुकलीस?"

"गयाई, तुमच्यात कोन आजारी हाय का, ते इचाराया आले."

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत गावानं त्यांना कामं सांगितली होती, हुकूम सोडले होते, शिव्या घातल्या होत्या. तुमच्यात आजारी कोण, असं कुणी विचारलं नव्हतं.

"एकच हाय," ती म्हणाली. "आमचा लखमा. येसकर हाय न्हवं गावचा, रातंदीस वेशीवर राखण करतोय. घरला येतच न्हाई. तिथंच खातो, खालच्या पानवठ्याच्या कडंला व्हंजळीनं नदीचं पानी पितो. त्यो पडलाय. बाकी समदी धडधाकट हायती."

"आन् तुमी कुठलं पानी पिता?"

गयाईला हसू आलं. तसलं हसू ऐकून घ्यायला धैर्य लागतं.

"तुमच्या पानवठ्याला आमी शिवायचं न्हाई. मग कुठलं पिनार? वर, तुझ्या दगडाच्याबी वर, वाळूत हातभर झिरा खांदलाय. वाटी-वाटीनं भरतो. येक घागर भराया दीस जातो."

ठकूनं लखमाला पाहिलं. गयाई त्याला मीठ घातलेली पेज चमच्याचमच्यानं पाजत होती, आणि तो डोळे उघडून बघत होता. गावात तर आजाऱ्याचं पाणी तोडायचे. पाणी पोटात गेलं की हगवण वाढते, अशी समजूत होती. ठकूनं तेही मनात ठेवलं आणि ती परत निघाली.

वाट नदीकाठानं होती. वाटेत तिचा दगड आला. तिथे ती उभी राहिली. वर झिऱ्याचं पाणी पिणारे धडधाकट. खाली पाणवठ्याचं पिणारे आजारी. वस्तीतला एकच माणूस आजारी, तोही खालचं पाणी पिणारा. मग वरच्या आणि खालच्या पाण्याच्या मध्ये आहे काय? मध्ये होता तिचा दगड. आणि त्या दगडावर आजाराचं पहिलं अंथरूण धुतलं होतं ते म्हादूचं, आणि त्यानंतर साऱ्या गावचं, एकामागून एक, तिनंच, या हातांनी.

असं म्हणतात, की त्या वेळी शिवणी नदी वाहायची थांबली. पाणी दगडाभोवती गोल फिरत राहिलं आणि त्यात तिला अकरा गोल दिसले.

तिथे ती किती वेळ बसली होती, कुणाला ठाऊक नाही. पण तिच्या मनात काय चाललं असेल ते आपल्याला कळतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही समजणार नव्हतं. तिचं घर राहिलं असतं, काम राहिलं असतं, सुगीला मिळणारं धान्य राहिलं असतं. एकटी विधवा बाई, दुसरा आधार काय होता? खरं सांगितलं तर गाव तिला दगडांनी ठेचणार हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिकडे चावडीवर काठ्या घेऊन माणसं उभी होती, आणि वस्तीत गयाई लखमाला पेज पाजत होती. सूर्य डोक्यावर यायला आला होता.

ती चावडीवर आली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"वस्तीत किती आजारी?" पाटलानं विचारलं.

"वस्तीचं मागनं सांगते," ठकू म्हणाली. "मोजायचं तर पयल्या घरापासनं मोजा. ह्या धोतरावर एक घर मांडायचंच ऱ्हायलं."

तिनं कनवटीचा बिब्बा काढला, सुई टोचली आणि नदीच्या काठाला, सगळ्यांच्या वर, एक नवी खूण काढली. उभी रेघ, तिच्याभोवती गोल. ती खूण गावात कुणाचीच नव्हती.

"ही कुणाची?"

"परटिणीच्या घराची." ठकू म्हणाली. "एक गेला. सांगायचं ऱ्हायलं हुतं. माझ्या म्हादूनं शिळं खाल्लं न्हवतं, पाटील. पाहुनी त्येलाच पयली लागली. म्या लपावलं. दारावर काटं पडंल, कुनी कापडं द्यायचं न्हाई, म्हनून लपावलं. आन् त्याचं हातरून त्या दगडावर धुतलं, तुमच्या पान्याच्या वर. करनी वस्तीनं न्हाई केली. पान्यातनं आलंय त्ये. माझ्या दगडावरनं आलंय."

मग तिनं झिऱ्याचं सांगितलं, लखमाचं सांगितलं, सगळं सांगितलं. कुणीतरी मागून एक दगड उचलला. ठकूनं तो पाहिला. ती हलली नाही. तिनं फक्त डोळे मिटले.

तेवढ्यात गर्दीतून कृष्णी सुतारीण पुढे आली आणि ठकूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"माझ्या घरात दोन," ती म्हणाली. "एक गेला. मीबी लपावलं हुतं."

मग तेलीण आली. "आमच्यात तीन." मग कुंभार आला. मग गुरव. एकेक माणूस पुढे यायचा, आपल्या घरचा आकडा सांगायचा आणि ठकूच्या बाजूला उभा राहायचा. ज्यानं लपवलं नव्हतं असं त्या गावात कुणीच नव्हतं. ज्याच्या हातात दगड होता त्याच्याच घरात चार आजारी होते. त्यानं तो हळूच खाली ठेवला आणि तोही पुढे आला.

उरला एकटा पाटील. तो ओट्यावर बसला होता.

"माझी सून," तो शेवटी म्हणाला, आणि हैबती पाटील, ज्याच्या आवाजानं गावची कुत्री शेपूट घालायची, तो भर चावडीवर ओंजळीत तोंड घालून रडला.

त्या दुपारी ठकू नदीवर गेली. तो दगड चार गड्यांना हलत नव्हता. असं म्हणतात, की तिनं त्याला नुसती मिठी मारली, आणि दगड उठला आणि तिच्यामागून चालत गेला, पाणवठ्याच्या खाली, गावाच्या खाली, पार शिवेपर्यंत. काही म्हणतात चाळीस माणसांनी दोर लावून ओढला. मला काय, दोन्ही खरं वाटतं. पण आसवडीच्या हद्दीत तो जाऊ दिला नाही एवढं पक्कं. "आपली घाण शेजाऱ्याच्या दारात टाकायचं आता पुरं," असं ठकू म्हणाली. तिथेच नदीपासून दूर, माळावर, तिनं खड्डा खणला, भट्टी लावली, आणि आजाऱ्याचा कपडा आधी उकळायचा, त्याचं पाणी खड्ड्यात जिरवायचं, नदीला जाऊ द्यायचं नाही, असा नेम केला.

आणि प्यायचं पाणी? वाळूतून झिरपलेलं पाणी कसं काढायचं हे गावात कुणालाच येत नव्हतं. ते वस्तीतल्या बायकांना येत होतं. पाटील अनवाणी वस्तीत गेला. गयाईनं त्याला बराच वेळ उभं ठेवलं, आणि बरंच केलं. मग तिनं त्याला आपल्या झिऱ्याचं पाणी वाटीतून दिलं. तो ते प्यायला. मग वस्तीतल्या बायकांनी गावाला जागा दाखवल्या, आणि सात नवे झिरे खणले. पाटलाच्या सुनेला गयाईनंच मीठ घातलेली पेज पाजली. असं म्हणतात, की ती पोर उठली आणि पुढे तिला जुळं झालं. झिरे खणल्याच्या नवव्या दिवसानंतर धोतरावर नवी खूण काढावी लागली नाही.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. ठकूनं वस्तीचेही कपडे धुवायला घेतले, तेव्हा तिच्या जातीनं तिला वाळीत टाकलं. मेली तोवर तिच्या माहेरचं कुणी तिच्या दारात आलं नाही. ते अकरा गोल तिच्या मनातून कधी गेले नाहीत. म्हातारपणी ती आंधळी झाली. तरी दर तिसऱ्या दिवशी काठी टेकत घरोघर जायची आणि प्रत्येक दारात विचारायची, "घरात समदी बरी हायती का?" आणि लोक खरं सांगायचे. दारावर बोरीची फांदी टाकायचं गावानं तेव्हाच सोडून दिलं होतं. सांगितलं तर घास-पाणी दारात पोचतं हे एकदा कळलं, की कोण कशाला लपवेल?

आता मोहदऱ्यात नळ आहेत आणि लोक घरोघर कपडे धुतात. ठकूबाईचं देऊळ नाही, पुतळा नाही. पण आषाढातल्या पहिल्या मंगळवारी गावात सांगणी असते. सगळा गाव चावडीपुढे बसतो, आणि एकेका घराचं नाव पुकारलं जातं. ज्यानं त्यानं उठून आपल्या घरात कोण आजारी आहे ते सांगायचं. हसायचं नाही, बोल लावायचा नाही. पाटलाचं घर सगळ्यात शेवटी. वस्तीची घरं आधी. आणि सगळ्यांच्या आधी पुकारा होतो, "परटिणीचं घर?"

त्या घरात आज कुणी नाही. घराची जागाही कुणाला नक्की ठाऊक नाही. तेव्हा गावातली सगळ्यात म्हातारी बाई, मग ती कुठल्याही घरची असो, उठते आणि त्या घराच्या वतीनं सांगते, "एक गेला. सांगायचं ऱ्हायलं हुतं."

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेले होते. त्या वर्षी म्हातारी उत्तर देऊन खाली बसली, आणि पुढचं नाव पुकारायच्या आतच एक तरुण उभा राहिला. कामाधंद्याला शहरात गेलेला, नुकताच परत आलेला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "माझी पाळी नाही आली अजून. पण मला चार दिवस ताप आहे, आणि मी घरात कुणाला सांगितलं नाही."

आजूबाजूची माणसं जराशी सरकून बसली, पण उठून कुणी गेलं नाही. त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं वही उघडून त्याचं नाव लिहिलं, आणि तो कुठेकुठे गेला होता, कुणाकुणाबरोबर जेवला होता, ते त्याला शांतपणे विचारायला लागली.

त्यानं सगळं सांगितलं.